गाठ नसलेली सुतळी

एका तालुक्याच्या गावात एक चौकटवाला राहायचा. लोक त्याला आप्पा म्हणत. देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, गेलेल्या माणसांचे फोटो, सगळ्यांना तो काच आणि लाकडी पट्टी लावून द्यायचा. त्याची एक रीत होती. गिऱ्हाईक कितीही म्हणालं, "भिंत मोठी आहे, बसेल हो," तरी तो ऐकायचा नाही. सुतळी घेऊन गिऱ्हाइकाच्या घरी जायचा, भिंतीवर जागा धरायचा आणि जिथे जागा संपेल तिथे सुतळीला गाठ मारायचा. मग दुकानात येऊन त्या गाठीबरहुकूम पट्टी कापायचा. चौकट तयार झाली की गाठ सोडायची आणि सुतळी खिळ्याला अडकवायची. चाळीस वर्षांत त्याची एकही चौकट भिंतीवरून परत आली नव्हती.

आप्पाला हर्षद नावाचा मुलगा होता. तो कॉम्प्युटर शिकला होता आणि ब्राउझरमध्ये खेळायचे खेळ तयार करायचा. काही वेबसाइटींवर असे शेकडो खेळ मांडलेले असतात. पान उघडलं की मधोमध एक चौकट येते आणि त्या चौकटीत खेळ सुरू होतो. म्हणजे मुलगाही चौकटींच्याच धंद्यात होता. पण तसं कुणी म्हटलं की त्याला राग यायचा.

त्याच गावात वैजयंता नावाची पेंटर होती. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचे मोर, शाळेच्या भिंतीवरचे ससे, सगळं तिच्या हातचं. मग गावात फ्लेक्स आला. पाट्या छापून मिळू लागल्या आणि वैजयंताला कुणी बोलावेना. फ्लेक्सच्या दुकानाचा मालक तिला म्हणाला, "ये की माझ्याकडं. वाढदिवसाचे बोर्ड लावायचे असतात. फोटो कापायचा, चिकटवायचा. ब्रश लागत नाही." ती म्हणाली, "थोडं थांबते." तिला ब्रश सोडायचा नव्हता. बाकी तिचं कशावाचून अडलेलं नव्हतं.

तेव्हा हर्षद तिच्याकडे आला. त्याच्या डोक्यात एक खेळ होता. नदीवर एक नाव. दोन काठांना बांधलेला दोर. खेळणाऱ्यानं माऊसनं दोर ओढायचा, माऊसचं चाक फिरवून नाव वळवायची आणि पाणी चढायच्या आत माणसं पलीकडे पोचवायची. "चित्रं तू काढ," तो म्हणाला. "दोघांचं नाव लावू."

वैजयंतानं आठ महिने चित्रं काढली. कागदावर रंगवायची आणि हर्षद ती कॉम्प्युटरमध्ये घ्यायचा. नावेत बसणारी त्रेचाळीस माणसं आणि जनावरं तिनं काढली. टोपलीत कोंबडा घेतलेली म्हातारी. पाण्याला घाबरून डोळे मिटलेला नवरदेव. गळ्यात घंटा असलेल्या तीन शेळ्या, तिघींच्या घंटा वेगळ्या. नदीवर तिनं मोठं आभाळ काढलं. आणि अगदी खाली, पडद्याच्या तळाशी, तो दोर. पीळ न् पीळ मोजून घ्यावा असा.

खेळ तयार झाला तेव्हा गावच्या सभागृहात त्यांनी तो दाखवला. भिंतीएवढ्या पडद्यावर वैजयंताचं आभाळ उघडलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. हर्षदच्या कानात त्या टाळ्या बसल्या त्या बसल्याच.

एका मोठ्या वेबसाइटनं खेळ घ्यायचं कबूल केलं. तिची पद्धत सरळ होती. नवा खेळ तीन दिवस पहिल्या पानावर ठेवायचा. खेळणारे टिकले तर तो तिथेच राहील. पहिल्या मिनिटात उठून गेले तर खेळ मागच्या पानांवर जाईल, आणि तिथून कुठलाही खेळ पुढे येत नाही. तिकडे पाठवताना एक फॉर्म भरायचा होता. त्यात विचारलं होतं, खेळाच्या चौकटीचा आकार कोणता? मधली चौकट नऊशेसाठ बाय पाचशेचाळीस पिक्सेलची. मोठी बाराशे बाय नऊशेची. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की ज्याची स्क्रीन लहान त्याला चौकटीचा खालचा भाग दिसणार नाही, तेव्हा नीट बघून निवडा. आणि पहिल्या तीन दिवसांत आकार एकदा बदलता येईल.

हर्षदनं नुकतीच स्वतःसाठी मोठी स्क्रीन आणली होती. तिच्यावर मोठी चौकट झकास दिसत होती.

वैजयंता म्हणाली, "पण सगळ्यांकडं अशी कुठं असते? शाळेतले कॉम्प्युटर बघ. बुटके आहेत. लोकांचे लॅपटॉप पण तसेच."

"मग काय, आभाळ कापू तुझं?"

"काप. मी पुन्हा काढते. दोर वर घेते. आठ दिवसांचं तर काम."

आठ महिने राबलेली बाई आपणहून आभाळ कापायला तयार होती. हर्षद तयार नव्हता. त्याला पुन्हा तो भिंतीएवढा पडदा आठवला.

आप्पा पट्टीला रंधा मारत हे सगळं ऐकत होता. त्यानं खिळ्यावरची सुतळी काढून मुलाच्या हातात दिली. "शाळा दोन गल्ल्यांवर हाय. जा, बघून ये. पोरं कसल्या स्क्रीनवर खेळत्यात ते बघ, आणि गाठ मारून आण."

हर्षद हसला. "आप्पा, पिक्सेल सुतळीनं मोजतात होय?"

"कशानं मोजायचं ते तुझं तू बघ. सुतळीचं काम एवढंच, की माणूस तिथवर जातंय."

हर्षद सुतळी घेऊन निघाला. इथपर्यंत मला त्याचा राग नाही. मोठं काही केलं की माणसाला ते मोठंच दिसावंसं वाटतं, त्यात काय नवल. राग येतो तो इथून पुढे.

तो शाळेच्या फाटकापर्यंत गेला. फाटकासमोर चहाची टपरी होती. तिथे बाकावर बसला. चहा घेतला. आत गेलो तर काय दिसेल हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि तेच त्याला बघायचं नव्हतं. समोरच्या खिडकीतून कॉम्प्युटरच्या खोलीतल्या पोरांची डोकी दिसत होती. त्यानं दुसरा चहा घेतला. शाळा सुटली, पोरं बाहेर पडली, शिपायानं कुलूप लावलं. हर्षद उठला आणि घरी आला. सुतळी खिळ्याला अडकवली.

वैजयंता वाट बघत होती. "बघितलंस?"

"बघितलं. मोजलं. अगदी बरोबर बसतंय."

वैजयंताच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. तिनं स्वतः जाऊन बघितलं असतं तर? पण तिला तशी गरज वाटली नाही. पाटी रंगवताना शिडी धरणाऱ्यानं "धरलीय" म्हटलं की ती वर चढायची, खाली वाकून बघत बसायची नाही. ज्यांचं आयुष्य शिडीवर गेलं त्यांना ही सवय असते. हर्षदनं फॉर्ममध्ये मोठ्या चौकटीवर खूण केली.

संध्याकाळी आप्पानं खिळ्यावरची सुतळी हातात घेतली. बोटांमधून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली. सुतळीला गाठ नव्हती. तो मुलाकडे बघत राहिला. मग त्यानं सुतळी पुन्हा खिळ्याला अडकवली आणि जेवायला गेला.

खेळ पहिल्या पानावर आला. दुपारपर्यंत हजारो लोकांनी तो उघडला. सगळ्यांना आभाळ दिसलं, नदी दिसली, नावेत बसलेली म्हातारी आणि तिचा कोंबडा दिसला. दोर काही दिसला नाही. तो पानाच्या खाली होता, त्यांच्या स्क्रीनच्या बाहेर. पान वर सरकवावं म्हणून लोक माऊसचं चाक फिरवत होते, तर नावच गोल गोल फिरत होती, कारण चाक हर्षदनं नाव वळवायला लावलं होतं. मग पाणी चढायचं आणि सगळी माणसं बुडायची. लोकांनी लिहायला सुरुवात केली. "नाव हलतच नाही." "माझा माऊस बिघडलाय का?" "ही म्हातारी फक्त बुडवायला काढलीय काय?"

पहिल्या दहा ओळी वाचून हर्षदला सगळं समजलं. तसा तो हुशार होता. आकार बदलायची एक संधी शिल्लक होती आणि तीन दिवस हातात होते. दोर तेवढा वर सरकवून मधली चौकट घ्यायची होती. आभाळ वेडंवाकडं कापलं गेलं असतं, पण नाव चालली असती. त्यासाठी वैजयंताला फक्त एक वाक्य सांगावं लागलं असतं: मी शाळेत गेलोच नव्हतो.

वैजयंता धावत आली. तिच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. तिनं हर्षदच्या मोठ्या स्क्रीनवर खेळ बघितला. तिथे दोर व्यवस्थित दिसत होता, नाव सुरळीत चालत होती. "मग लोकांचं काय अडतंय?" तिनं विचारलं.

हर्षदनं खाली बघत सांगितलं, "चित्रं जड झालीत. लोकांच्या नेटवर नीट उतरत नाहीत. म्हणून नाव अडकते."

"माझी चित्रं?"

"तू फार बारकावे भरलेस. तुझी चूक नाही म्हणा. पण झालंय तसं."

वैजयंतानं हेही खरं मानलं. घरी गेली आणि चित्रं हलकी करायला बसली. दोन दिवस ती उठली नाही. आधी शेळ्यांच्या घंटा पुसल्या. मग दोन शेळ्या काढून टाकल्या. नवरदेवाच्या मुंडावळ्या काढल्या. म्हातारीच्या लुगड्यावरचे ठिपके भरून टाकले आणि कोंबडा टोपलीतून उडवला. त्रेचाळिसातले एकोणीसजण उरले. आभाळातले रंग सातावरून दोनावर आणले. आपल्या हातानं काढलेलं आपल्याच हातानं पुसत गेली, आणि प्रत्येक वेळी हर्षदला विचारत गेली, "आता? आता हलकं झालं?"

हर्षद म्हणायचा, "थोडं अजून."

हे सांगायला नको वाटतं. पण तो असंच म्हणाला. तिसऱ्या दिवसापर्यंत म्हणत राहिला.

दोर तेवढा कुणी हलवला नाही. तो खालीच राहिला, आपल्या सगळ्या पिळांसकट.

तिसऱ्या दिवशी दुपारी खेळ मागच्या पानांवर गेला. वैजयंतानं ब्रश धुतले, वाळवले, जुन्या ओढणीत गुंडाळून माळ्यावर टाकले. दुसऱ्या दिवशी ती फ्लेक्सच्या दुकानात कामाला लागली. तिला वाटत होतं की आपल्याला चित्रं काढता येतात हा आपला समज होता. पाट्यांपुरतं ठीक होतं, खरं काम आलं तेव्हा आपल्याच चित्रांनी नाव बुडवली. मालकानं तिला कॉम्प्युटरवर फोटो कापायला शिकवलं. ती शिकली.

चार-पाच महिने गेले. एका दुपारी लाईट गेली, आली, दुकानात काम नव्हतं. वैजयंतानं दुकानातल्या कॉम्प्युटरवर तो खेळ शोधून काढला. मागच्या पानांवर, कुठेतरी तळाशी, तो अजून होता. तिनं उघडला. स्क्रीन जुनी होती, बुटकी. आभाळ आलं, नदी आली, बिनघंटेची एक शेळी आली.

दोर नव्हता.

तिनं चाक फिरवलं. नाव गोल फिरली. पाणी चढलं आणि म्हातारी बुडाली. तिनं पुन्हा उघडला, पुन्हा बुडाली. मग ब्राउझरचं पान लहान करायची कळ तिनं दाबली, जी ती फ्लेक्ससाठी रोज दाबायची. सगळं बारीक झालं आणि तळातून दोर वर आला. तिनं तो माऊसनं ओढला. नाव हलली. चित्रं जड नव्हती. कधीच नव्हती.

ती तशीच उठून आप्पाकडे गेली. हर्षद तेव्हा गावात नव्हता. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीत मुलाखतीला गेला होता, सोबत तोच खेळ घेऊन.

"आप्पा, तो शाळेत गेला होता का?"

आप्पानं रंधा खाली ठेवला. खिळ्यावरची सुतळी काढली आणि तिच्या हातात दिली. "गाठ नव्हती. मला त्याच सांजंला दिसलं हुतं."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"पोरगं माझं हाय, बाई."

वैजयंताला ओरडायचं होतं. पण ओरडून एकही घंटा शेळीच्या गळ्यात परत जाणार नव्हती. ती सुतळी हातात घेऊनच परत गेली. आप्पानं ती मागितली नाही.

हर्षदला नोकरी लागली. मुलाखतीत त्यानं खेळ मोठ्या पडद्यावर दाखवला होता, आणि तोही जुन्या, सात रंगांच्या आभाळासकट. साहेब खूश झाले. ही बातमी गावात आली तेव्हा मंडळानं ठरवलं, सत्कार करायचा. चौकात बोर्ड लावायचा. बोर्ड सांगायला हर्षद स्वतःच फ्लेक्सच्या दुकानात आला. समोर वैजयंता बसली होती.

"कशी आहेस?" त्यानं विचारलं.

"बरी आहे. बोर्ड किती बाय किती?"

"मोठा कर. वीस बाय दहा."

"जागा मोजली?"

"मोजली," हर्षद म्हणाला. त्याला तिच्या डोळ्यांत काही दिसलं का, मला माहीत नाही. दिसलं असतं तरी तो थांबला नसता.

तो गेल्यावर वैजयंता उठली आणि सुतळी घेऊन चौकात गेली. एका बाजूला विजेचा खांब होता, दुसऱ्या बाजूला पतपेढीची भिंत. तिनं सुतळी धरली, गाठ मारली. मग उंची धरली, दुसरी गाठ मारली. जागा जेमतेम तेरा बाय सात होती. वीस बाय दहाचा बोर्ड तिथे लावला असता तर दोन्ही कडा दुमडल्या असत्या, खालची पट्टी गटारात लोंबली असती आणि हर्षदचं नाव अर्धं दिसलं असतं. तिला फक्त सांगितलं तेवढं छापायचं होतं. कुणी तिला बोल लावला नसता.

तिनं तेरा बाय सातचा बोर्ड केला. एक अक्षर कापलं जाणार नाही असा. मालकानं विचारलं, "ऑर्डर तर वीसची होती?" ती म्हणाली, "जागा तेवढी नाही." तिला दुसरं काही करताच येत नव्हतं.

सत्काराच्या दिवशी चौक भरला होता. बोर्ड खांब आणि भिंतीच्या मध्ये असा बसला होता की जणू चौक बांधतानाच तिथे ठेवला असावा. हर्षदनं भाषण केलं. अपयशातून खूप शिकलो, म्हणाला. काम करताना भागीदार नीट निवडावा, असंही म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांचा आवाज त्या सभागृहातल्यासारखाच होता.

मग तो खाली उतरला आणि गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या वैजयंताला म्हणाला, "बघ. वीस बाय दहा. मी म्हटलं होतं ना, बरोबर बसेल?"

पुढच्या रांगेत आप्पा बसला होता, खांद्यावर नवी शाल. वैजयंता त्याच्यापाशी गेली आणि सुतळी त्याच्या मांडीवर ठेवली.

"आप्पा, तुमची सुतळी."

आप्पानं ती बोटांमधून ओढली. एक गाठ लागली, मग दुसरी. त्यानं मान वर करून बोर्डाकडे बघितलं, मग मुलाकडे. हर्षद कुणाशी तरी हसत बोलत होता. आप्पाला बोलायला ही दुसरी वेळ मिळाली होती. सगळा चौक ऐकायला हजर होता.

आप्पानं दोन्ही गाठी सोडल्या, सुतळी गुंडाळली आणि खिशात घातली.

वैजयंता दुकानात परत गेली. कुणाच्या तरी वाढदिवसाचा बोर्ड आला होता. तिनं फोटो उघडला आणि कापायला घेतला.

तात्पर्य: आपल्या पडद्यावर मावलं ते दुसऱ्याच्या खिडकीत मावतंच असं नाही, तिथवर जाऊन मोजावं लागतं. जो न मोजता "मोजलं" म्हणतो त्याचं बहुधा काही बिघडत नाही, ज्यानं त्याच्यावर विश्वास ठेवला तो बुडतो. आणि कोरी सुतळी हातात घेऊन जो गप्प बसतो, तोही बुडवणाऱ्यांतलाच असतो.